मोटर कंट्रोलर काटकसरीने कसा बनवावा

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये गेल्या मंगळवारी पेट्यांच्या पट्ट्याची मोटर चालवणाऱ्या ज्या कंट्रोलर बोर्डापुढे माझे चार तास गेले, त्याच्या अज्ञात जनकाला नाशिकहूनच साष्टांग नमस्कार घालून होतकरू डिझायनरांसाठी काही सूचना देत आहे.

मोटरला डायोड लावण्याच्या फंदात पडू नये. पुरवठा तोडताच गुंडाळी उलटा झटका देते आणि तो पुरवठा चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेटचा जीव घेते हे खरे, पण तो बदलायला गिऱ्हाईक तुमच्याकडेच येणार ना? लोकलज्जेस्तव लावावाच लागला, तर 50 हर्ट्झसाठी जन्मलेला सुस्त 1एन4007 डायोड बिनदिक्कत 20 किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएमवर, म्हणजे वेगासाठी पुरवठा झपाट्याने चालू-बंद करण्याच्या पद्धतीवर, बसवावा.

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे मॉस्फेटला हुकूम देणारी चिप, हिच्या शेजारचा, तिचा पुरवठा स्थिर ठेवणारा 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गाळावा.

आयआरएफ540 या मॉस्फेटला पूर्ण उघडून वीज जाऊ द्यायला गेटवर, म्हणजे हुकूम घेणाऱ्या टोकावर, 10 व्होल्ट लागतात, म्हणून त्याला मायक्रोकंट्रोलरच्या पिनचे 5 व्होल्टच द्यावेत. तो अर्धवट उघडून असा तापतो की नाशिकच्या थंडीत हीटसिंकवर चहा गरम राहतो.

गेट आणि सोर्स (मॉस्फेटचे आणखी एक टोक) यांच्यामध्ये, हुकूम नसताना गेट बंद ठेवणारा 10 किलोओहमचा रेझिस्टर तर मुळीच बसवू नये. रिसेटच्या वेळी मायक्रोकंट्रोलरच्या पिना इनपुट होतात, म्हणजे हुकूम देणे सोडतात, गेटला कोणी धनी उरत नाही आणि त्यावर साचलेल्या विद्युतभारानेच मॉस्फेट उघडतो. कपॅसिटरविषयीची सूचना पाळली असेल, तर बिचारा कंट्रोलर पुन्हा पुन्हा रिसेट होतो आणि मोटर स्वतःच्या मर्जीने धावते. मंगळवारी वीज गेली म्हणून एक मावशी पट्ट्यात अडकलेली पेटी काढत होत्या. वीज आली आणि बटणाला कोणी हात लावलेला नसताना पट्टा सुरू झाला. त्यांची बांगडी रोलरमध्ये अडकली. ती काचेची होती, फुटली, म्हणून मनगट वाचले. मालक मात्र मलाच विचारत होते, "साहेब, प्रोग्रॅममध्ये काही चुकले का?"

प्रोग्रॅममध्ये काहीही चुकलेले नव्हते. अहो, एक रुपयासुद्धा न पडणारा रेझिस्टर वाचवून तुम्ही कोणती माडी बांधणार होता? माणसे जिथे हात घालतात तिथे हे यंत्र चालणार, हे विकताना तुम्हाला ठाऊक नव्हते का? आणि अज्ञानाची सबबही सांगू नका. मी बोर्ड भिंगाखाली धरून पाहिला आहे: गेटशेजारी रेझिस्टरसाठी आर7 असे स्वच्छ छापलेले आहे, खाली 10के, म्हणजे 10 किलोओहम, लिहिलेले आहे आणि दोन्ही भोके रिकामी आहेत.