दाजींना नाशिक कसं दाखवावं

इतिहास सांगायला सुरुवात नेहमी मिसळीच्या रांगेत करावी. पाहुण्याचं नाव वहीत लिहून झालेलं असतं, त्यामुळे तो पळून जाऊ शकत नाही. आतून काळ्या मसाल्याचा वास येत असतो, पोट रिकामं असतं आणि अशा वेळी माणसाची शंका काढण्याची ताकद निम्म्यावर येते. एकदा टेबल मिळालं, तर्री आली, पापड मोडला की तुमचं कोणी ऐकत नाही. तेव्हा सगळे शतकानुशतकांचे विषय बाहेर फुटपाथवरच उरकून घ्या.

हे मी अनुभवाने सांगतोय. मागच्या डिसेंबरात ताई, दाजी आणि आठवीतली भाची पुण्याहून तीन दिवसांसाठी आली होती. दाजी बँकेतून निवृत्त झालेले. म्हणजे कुठलंही वाक्य ऐकलं की त्याखाली सही-शिक्का शोधणारे. अशा माणसाला नाशिक दाखवायचं तर काय काय पथ्यं पाळावी लागतात, ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवतो.

पहिलं पथ्य गावाच्या नावाचं. हे पाहुणा बघून ठरवावं. पाहुणा भाविक असेल तर शूर्पणखेचं नाक, नासिका, विषय संपला. ट्रेकिंगवाला असेल तर ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ ही ओळ म्हणा आणि नऊ टेक मोजून दाखव म्हणाला तर जुन्या गढीकडे बोट करून ‘बाकीच्यांवर आता बिल्डिंगा झाल्या’ असं हळहळत सांगा. वाचणारा असेल तर जनस्थान. मोगलांच्या काळात गावाचं नाव गुलशनाबाद होतं, हे कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, ते आधी त्याचा डीपी बघून ठरवा.

पाहुणे रेल्वेने आले तर नाशिकरोडला उतरून ‘पोचलो’ म्हणून फोन करतात. त्यांना हसू नका. स्टेशन आणि गाव यांच्यात आठ-दहा किलोमीटर आहेत, हे पुणेकराला पटायला वेळ लागतो. एके काळी या अंतरात घोड्यांची ट्राम चालायची, हे मात्र द्वारकेच्या चौकात गाडी अडकलेली असतानाच सांगा. योग्य जागी सांगितलेल्या माहितीचा परिणाम वेगळाच होतो. दाजी वीस मिनिटं खिडकीतून समोरच्या टेम्पोचा मागचा फळा वाचत होते, मग म्हणाले, “घोडे का बंद केले?”

दुसरं पथ्य साक्षीदारांचं. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. जॅक्सनची बदली झाली होती आणि त्यांच्यासाठी ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग लावलेला होता. एवढं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून एवढ्यावर थांबू नये. आपले पणजोबा त्या रात्री तिसऱ्या रांगेत बसले होते, हे सांगावंच लागतं. मला आजवर भेटलेल्या नाशिककरांचे आजोबा-पणजोबा एकत्र केले तर त्या रात्रीचा प्रयोग गोल्फ क्लब मैदानावर लावावा लागला असता. दाजींनी लगेच विचारलं, “तुझे पणजोबा तर सिन्नरला होते ना?” म्हटलं, नाटकासाठी आले होते.

फाळक्यांच्या बाबतीतही तेच करा. दादासाहेब जन्मले त्र्यंबकेश्वरी, १८७० साली, गेले नाशकात, १९४४ साली. मधल्या काळात त्यांनी नाशकात चित्रपटही काढले. त्यामुळे तुमच्या घरातल्या एका तरी पूर्वजाने गर्दीत फेटा बांधून उभं राहायला हरकत नाही. फक्त ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीवर दावा सांगू नका. ती जागा भरलेली आहे. बाई मिळेना म्हणून मुंबईच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी ती भूमिका केली होती. १९१३ सालची गोष्ट. ताईला हे फार आवडलं. स्वयंपाकघरातून थेट राणीपदावर गेलेला ती ओळखत असलेला हा एकमेव माणूस, असं ती म्हणाली आणि दाजींकडे बघितलं.

गंगेवर न्यायचं असेल तर पाहुण्यांना खरं म्हणजे ऑगस्टात बोलवावं. (गोदावरी म्हटलंत की तुम्ही बाहेरचे ठरता. गंगा म्हणायचं.) धरणातून किती पाणी सोडलं याचे आकडे आपल्याकडे क्युसेकमध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर. हे माहीत असायची काही गरज नाही. होळकर पुलाच्या कठड्याला टेकून ‘पंधरा हजार क्युसेक सोडलंय’ एवढं गंभीर आवाजात म्हणता आलं की पुरे. खरं माप पलीकडे उभं आहे, दुतोंड्या मारुती. त्याच्या कमरेला पाणी लागलं की दुकानदार माल वर चढवतात, छातीला लागलं की सराफ बाजारात धावपळ, आणि गळ्याशी आलं की सगळं गाव सेल्फी काढायला पुलावर. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत पाणी गेलं म्हणजे महापूर. जुने लोक अजून १९६९ चा पूर सांगतात, नवे २०१६ चा. दोघांच्याही गोष्टीत पाणी दरवर्षी चार बोटं वाढतं.

आम्ही गेलो तेव्हा नदीत घोटाभर पाणी होतं. मी हातवारे करून छातीपर्यंतचा पूर उभा केला. भाची म्हणाली, “मामा, पण हनुमानाला दोन तोंडं का?” मी म्हटलं, एक धरणाकडे बघायला आणि एक महापालिकेकडे. असं उत्तर येत नसलं की द्यायचं असतं.

काळारामाच्या देवळात मात्र फार बोलू नका. सरदार ओढेकरांनी बांधलं, काळा पाषाण, राम काळा म्हणून काळाराम, दर्शन, प्रसाद, बाहेर. २ मार्च १९३० रोजी याच दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं उभी राहिली आणि पाच वर्षं ते दार त्यांच्यासाठी उघडलं नाही, हे पाहुण्यांना सांगितलं तर प्रसादाची चव जाते. येवल्याला नेलंत तर पैठणी दाखवा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तिथे कोण काय म्हणालं, ते साडीच्या दुकानात कशाला काढायचं. आपल्याकडे दगडाचा रंग सगळ्यांना ठाऊक असतो.

गंगापूर रोडने जाताना आनंदवल्लीचा उल्लेख करा, कारण तिथे आता टू बीएचकेचा भाव विचारताना माणूस इतिहास विसरतो. राघोबादादांनी इथे वाडा बांधला आणि गावाला आनंदीबाईंचं नाव मिळालं. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा त्यांच्याच नावावर आहे. खरी-खोटी देव जाणे, नारायणराव गेले १७७३ साली आणि तेही पुण्यात. पण एका अक्षराने केवढा अनर्थ होतो हे सांगायला बरी पडते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी ‘पाणी येणार नाही’च्या जागी ‘पाणी येणार ताई’ लिहिलं आणि बी विंगमधल्या चार ताया बादल्या न भरता बसल्या.

रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल पाहुणे टोमणा मारणारच. तेव्हा गप्प बसू नका, रहाडी काढा. जुन्या नाशकात तिवंधा, शनि चौक, जुनी तांबट लेन, गाडगे महाराज पुलाजवळ अशा ठिकाणी पेशवेकाळापासूनचे चौकोनी दगडी हौद जमिनीखाली आहेत. वर्षभर ते मातीखाली झाकलेले. वरून रिक्षा जातात, भाजी विकली जाते. रंगपंचमी आली की उघडायचे, रंगाच्या पाण्याने भरायचे, पूजा करायची आणि मग त्यात धप्पा मारायचा. उंचावरून माणूस उडी टाकतो तेव्हा आजूबाजूचे शे-दीडशे लोक पिवळे किंवा केशरी होऊन घरी जातात, आणि तो रंग आठवडाभर कानामागे राहतो. सण झाला की हौद पुन्हा बंद, रस्ता पूर्ववत.

नीट वाचा. भर रस्त्यात मोठा खड्डा खणायचा, ठरलेल्या दिवशी, आणि काम झाल्यावर तो ठरलेल्या दिवशी बुजवायचा. हे तंत्रज्ञान नाशकात दोन-अडीचशे वर्षांपासून उपलब्ध आहे. आमच्या गल्लीत केबलसाठी खणलेला चर मागच्या रंगपंचमीपासून उघडा आहे. पूजा राहिली असेल.

आता पांडवलेणी. इथे माझं चुकलं, तुम्ही चुकू नका. पाहुण्यांना पायथ्याशीच, फाळके स्मारकाच्या पार्किंगमध्ये थांबवून वर बोट दाखवायचं. “पांडव इथे राहिले होते,” म्हणायचं आणि परत फिरायचं. महाराष्ट्रात कुठलंही दगडी काम कोणी केलं ते कळेना की ते पांडवांच्या नावे टाकायची पद्धत आहे. बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास, त्यात एवढी लेणी. पाच भावांनी दुसरं काही केलंच नसणार. आणि अज्ञातवासात छिन्नी-हातोड्याचा आवाज कोणालाच कसा आला नाही, हे भाचीनेच विचारलं.

ती ऐकेना. सगळ्यांना वर जावं लागलं. दोनेकशे पायऱ्या, दाजी दर वीस पायऱ्यांना देखावा बघायचे. चोवीस लेणी आहेत, बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली, दोन हजार वर्षांपूर्वीपासूनची. पोरीने मोबाइलवर शिलालेखांचं भाषांतर काढलं आणि माझ्या तीन दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं, ते थेट दुतोंड्याच्या गळ्यापर्यंत.

तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी वारला, नातू राज्यावर आहे, आणि आजी भिंतभर मुलाचं कौतुक कोरून घेते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, शक-यवन-पहलवांचा त्याने नाश केला, वगैरे. आणि त्यातच एक विशेषण: आईच्या सेवेत कधी खंड न पडू देणारा. ताई तो दगड बराच वेळ बघत उभी राहिली. “सुनेचा लेख कुठल्या लेण्यात आहे?” तिने विचारलं. नाही सापडला.

याच गौतमीपुत्राने नहपान राजाला हरवल्यावर त्याची चांदीची नाणी बाद केली नाहीत, गोळा करून त्यांवरच आपले छाप मारले. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर हा दुसरा शिक्का आहे. आज नोटा छापायचा कारखाना नाशिकरोडला आहे. चलनाशी आपला संबंध जुना. फक्त सातकर्णीच्या वेळी रांगा किती लागल्या, ते कोरलेलं नाही.

दाजी आतापर्यंत पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसले होते. दहा नंबरच्या लेण्यात भाचीने नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख वाचायला घेतला तेव्हा ते उठले. उषवदाताने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तीन हजार कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवली. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण.

“वर्षाला बारा टक्के,” दाजी म्हणाले. “आणि नऊ.”

“दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी बारा-बारा.”

“दोनशे चाळीस. बरोबर जुळतंय.” दाजींनी चष्मा पुसला आणि भिंतीजवळ गेले. तीन दिवसांत मी सांगितलेल्या एकाही गोष्टीसाठी त्यांनी चष्मा पुसला नव्हता. “नोंदणी?”

“निगमसभेत, म्हणजे गावाच्या सभेत, वाचून दाखवलं आणि नोंदवलं, असं लिहिलंय.”

“मुदत?”

“मुद्दल परत मागायचं नाही. फक्त व्याज घ्यायचं. कायमचं.”

दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचे काही पैसे एका पतसंस्थेत अडकलेत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि त्या विषयावर कोणी बोलत नाही. खाली हायवेवरून ट्रक जात होते. माझ्या डोक्यात खाली उतरल्यावर कुठली गोष्ट सांगावी याची जुळवाजुळव चालली होती.

“ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त होता का, बघ गं,” शेवटी ते म्हणाले.

“नाही दिसत, बाबा.”

“आणि नॉमिनी?”

“भिक्खू. दर पावसाळ्यात जे असतील ते.”

दाजींनी अक्षरांवरून हात फिरवला नाही, फक्त बोट जवळ नेऊन ओळी मोजल्या. मग मान हलवली.

“केवायसीला अडकेल,” म्हणाले, आणि पायऱ्या उतरू लागले.