पक्कं लायसन हातात, आणि घाटात गाडी मागे

जून महिन्यातली गोष्ट. लेकीला पक्कं लायसन मिळून बारा दिवस झाले होते. रात्री नऊला जुन्या कात्रज घाटात, पावसात, चढावर तिला गाडी थांबवावी लागली. समोरून एक ट्रक हेडलाइटचा अप्पर मारत आला. तिला काही दिसेना, क्लच सुटला, गाडी बंद पडून मागे सरकायला लागली. मी शेजारी होतो, हँडब्रेक ओढला. मागे गाडी नव्हती म्हणून निभावलं.

घरी आल्यावर ती रडत म्हणाली, "बाबा, चढावर गाडी कशी उचलायची हे क्लासमध्ये कुणी शिकवलंच नाही."

खरंच नाही शिकवलं. क्लासचा रस्ता ठरलेला, वेळ सकाळी सातची. रोज अर्धा तास म्हणायचं, पण एका गाडीत तीन मुलं, म्हणजे स्टिअरिंग हातात जेमतेम दहा मिनिटं. क्लच-ब्रेकवर सरांचे पाय. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या क्लासमध्ये प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास भरायला हवेत. तिचे निम्मेही भरले नसतील, तरी प्रमाणपत्रावर सही झाली. शेवटचे चार दिवस तर फक्त आरटीओच्या ट्रायलची तयारी.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मुलांना आपण ट्रायल पास व्हायला शिकवतो, रस्ता शिकवतच नाही. रात्र, पाऊस, हायवे, घाट हे सगळं मूल लायसन मिळाल्यावर एकट्यानं शिकतं. उतारावर गिअरमध्येच उतरायचं, न्यूट्रल टाकायचं नाही, हे त्याला कोण सांगणार? घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही विचारून बघा.

आणि हे अशक्य नाही. २०२१ मध्ये केंद्रानं मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले. त्यात कारसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम आहे: ८ तास वर्गात, २१ तास गाडीवर, त्यात गावातले रस्ते, हायवे, चढ-उतार सगळं. पण तो त्या केंद्रांपुरताच. गल्लीतल्या क्लासला का नाही? माझी भाची सिडनीत शिकतेय. तिथं पंचविशीच्या आतल्या मुलांना १२० तासांची नोंद भरावी लागते, त्यातले २० तास रात्रीचे. आपल्याकडे लर्निंगनंतर ३० दिवस थांबलं की ट्रायल देता येते. त्या ३० दिवसांत गाडीला हात लावला की नाही, कुणी विचारत नाही.

दुचाकीचं तर बोलायलाच नको. तिच्यासाठी क्लासला फारसं कुणी जातच नाही. सोळाव्या वर्षी कायदा फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी देतो, आणि ज्युनिअर कॉलेजबाहेर उभ्या असतात त्या ११०, १२५ सीसीच्या. चाव्या आपणच देतो. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची.

परिवहन विभागानं निदान तासांची वही सक्तीची करावी: रात्रीचे इतके, पावसातले इतके, घाटातले इतके, आणि ती पूर्ण असल्याशिवाय ट्रायलची तारीख देऊ नये. ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांचे तास क्लासनं भरून द्यावेत, फी थोडी वाढली तरी चालेल.

आमच्या घरी ही वही सुरू झालीय. आजवर ४३ तास, त्यातले ९ रात्रीचे. रविवारी पहाटे पुन्हा कात्रजचा जुना घाट. या वेळी चढावर मुद्दाम थांबायचं, असं तीच म्हणालीय.