जुनी वायरिंग का काढली: सांगलीकडच्या वायरमनदादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि दोन दिवस डोक्यात तीच होती, म्हणून चार ओळीत धन्यवाद म्हणण्यापेक्षा नीट बसून लिहितेय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्क राज्यात इथाकाच्या जवळ खेड्यात आमचं जुनं शेतघर आहे, त्याची सगळी वायरिंग बदलली त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर दादांचं (सांगली भागात २२ वर्षं वायरिंगची कामं करतात) म्हणणं असं, की इतकी वर्षं चाललेली तांब्याची वायर उपटायची गरजच नव्हती, फ्यूज काढून एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा ब्रेकर) आणि आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा) लावली असती तर चौथ्या हिश्श्यात काम झालं असतं. तिथे तर ११०-१२० व्होल्ट, त्याने काय होतंय. अर्थिंग नसताना तीन पिनचा सॉकेट बसवून "अर्थिंग मिळालं" लिहिणं ही फसवणूक आहे. दोन रॉड ठोकून अर्थिंग होत नसतं, खड्डा, कोळसा, मीठ लागतं. आणि फोटोत काळी वायर ब्रेकरला जोडलेली दिसतेय, काळी म्हणजे न्यूट्रल, एवढंही कळत नसेल तर लोकांना शिकवू नका.

आधी जिथे तुम्ही बरोबर आहात ते. तीन पिनच्या सॉकेटबद्दल मी चुकीचं लिहिलं होतं. वरच्या मजल्यावर एका खोलीत भिंत न फोडता नवी वायर नेता येईना, तिथे काही महिन्यांसाठी जुन्या दोन तारांवरच जीएफसीआय सॉकेट बसवला होता आणि "आता इथेही अर्थिंग मिळालं" असं लिहून गेले. अर्थिंग मिळत नाही. जीएफसीआय म्हणजे आपल्या आरसीसीबीचाच भाऊ, गेलेला आणि परत आलेला करंट मोजतो आणि ४ ते ६ मिलिअँपचा फरक पडला की तोडतो (आपल्याकडे घराला साधारण ३० मिलिअँपची लावतात), त्यामुळे माणूस वाचतो, पण तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. इथल्या वायरिंगच्या नियमांत (कोडमध्ये) हे चालतं, पण सॉकेटवर "अर्थिंग नाही" असं स्टिकर लावायची अट आहे. तो स्टिकर आम्ही लावला होता आणि तरी मी लेखात उलटं लिहिलं. कुणी वाचून तिथे कॉम्प्युटरचा सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून वाचवणारा) लावला असता तर त्याचा निम्मा उपयोग शून्य झाला असता. तो परिच्छेद काल रात्रीच बदललाय, तुमच्यामुळे बदलला असं लिहून.

आता काळ्या वायरीचं. अमेरिकेत काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल, उघडी तांब्याची किंवा हिरवी अर्थ. आपल्याकडे काळी न्यूट्रल. फोटो बघून तुम्ही चिडलात ते तुमच्या जागी बरोबरच आहे, पण दादा, हे इतर वाचकांसाठी मुद्दाम मोठ्याने सांगते: इथे राहणाऱ्यांपैकी ज्यांनी लहानपणी वडिलांना बोर्ड उघडताना बघितलंय त्यांच्या डोक्यात "काळीला हात लावला तरी चालतो" हे पक्कं बसलेलं असतं. इथे त्या समजुतीने जीव जाईल. आणि आमच्यासारख्या जुन्या घरात तर रंगांवर विश्वासच ठेवायचा नाही, सगळ्या तारा काळपट कापडाच्याच असतात, शिवाय काही ठिकाणी स्विच न्यूट्रलवर टाकलेला होता, म्हणजे दिवा बंद दिसतोय आणि होल्डर मात्र जिवंत. प्रत्येक वेळी टेस्टर, तोही आधी चालू लाईनवर तपासून.

मुख्य मुद्दा वायर का काढली. बघा, मूळ काम करणाऱ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाहीये. १९३५ च्या सुमारास या देशात दहातल्या जेमतेम एका शेतावर वीज होती, रूझवेल्टच्या काळात ग्रामीण विद्युतीकरणाची योजना आली, १९३६ ला कायदा झाला आणि मग खेड्यापाड्यात तारा पोचल्या. ज्या बाईंनी आम्हाला घर विकलं त्यांच्या वडिलांनी १९३८ ला लाईन घेतली होती. तेव्हाची पद्धत अशी की फेज आणि न्यूट्रल वेगवेगळ्या, एकमेकींपासून लांब, पांढऱ्या चिनी मातीच्या गोट्यांवर ताणून न्यायच्या, आणि लाकडातून जाताना चिनी मातीची नळी. जॉइंट पिळून, वर डाग देऊन (म्हणजे सोल्डर करून), मग टेप. आमच्या ॲटिकमधले (छताखालच्या माळ्यावरचे) ते डाग दिलेले जॉइंट ८० वर्षांनीही चमकत होते. तुमच्यासारख्याच कुणी जीव ओतून केलेलं काम.

पण ती वायर मोकळ्या हवेत थंड राहील या हिशोबाने टाकलेली असते. नंतर कधीतरी थंडीसाठी कुणीतरी ॲटिकमध्ये कागदाच्या लगद्याचं इन्सुलेशन फुटभर ओतलं, सगळ्या तारा गोधडीत गुंडाळल्यासारख्या झाल्या. मी स्वतः गुडघ्यावर बसून हाताने तो लगदा बाजूला केला (मेन बंद करून, टेस्टर लावून), एका तारेला बोट लागलं आणि वरचं कापड-रबर मोहरीच्या सालासारखं गळून पडलं. उघडं तांबं, लाकडापासून दोन बोटांवर. आणि त्याच्या पुढे तीन फुटांवर कुणीतरी नवी प्लास्टिकची केबल जुन्या तारेला नुसती पिळून काळी टेप मारून जोडली होती. बॉक्स नाही, डाग नाही, काही नाही. टेप वितळून थिजलेली आणि खालच्या लाकडावर तपकिरी डाग, आपल्याकडे चुलीच्या वरच्या वाशाला असतो ना तसा. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले, कारण त्याच्या बरोब्बर खाली माझा मुलगा झोपतो.

आता सांगा, तिथे एमसीबी काय करणार होती? एमसीबी जास्तीचा करंट बघते. त्या जॉइंटचा रेझिस्टन्स समजा अर्धा ओहम झाला आणि खोलीत १५०० वॅटचा हीटर चालू आहे, १२० व्होल्टवर तो साधारण साडेबारा अँप घेतो, सोयीसाठी १२ धरा. १२ चा वर्ग १४४, गुणिले अर्धा, ७२ वॅट. एका टेपच्या गोळ्यात लगद्याखाली ७२ वॅट उष्णता तासन्‌तास, आणि १५ अँपच्या ब्रेकरला वाटतंय सगळं मस्त चाललंय. आरसीसीबीलाही काही कळत नाही, कारण गळती कुठेच नाहीये. म्हणून झोपायच्या खोल्यांना आम्ही ठिणगी ओळखणारे ब्रेकर लावले, पण तेही नुसत्या तापणाऱ्या जॉइंटवर पूर्ण भरवसा ठेवण्यासारखे नाहीत. लपलेला जॉइंट शोधून काढणं हाच उपाय, आणि तसे किती आहेत हे भिंतीच्या आत कुणाला दिसतंय?

"१२० व्होल्टने काय होतंय" याचं उत्तरही इथेच आहे. व्होल्टेज निम्मं म्हणजे त्याच वॅटला करंट दुप्पट, तुमच्याकडे तोच हीटर साडेसहा अँप घेईल. वायर तापते ती करंटने. आणि आमच्या फ्यूज बोर्डात १४ गेजच्या, म्हणजे १५ अँपपुरत्याच जाडीच्या तारेवर हिरवे, म्हणजे ३० अँपचे फ्यूज फिरवलेले होते, १५ च्या जागी. दुप्पट करंट म्हणजे चौपट उष्णता. १५ चा सारखा उडायचा म्हणून कुणीतरी ३० चा टाकला असणार, आपल्याकडे फ्यूजमध्ये जाड तार घालतात तोच प्रकार. शॉकचंही तसंच, ओल्या हाताला १२० पुरेसा आहे. मागच्या हिवाळ्यात आई आली होती, एक हात जुन्या फ्रिजच्या दाराला आणि दुसरा सिंकच्या नळाला लागला आणि म्हणाली, "अगं याला झिणझिण्या येतायत." तिला वाटलं थंडीने. मी त्या दिवशी इलेक्ट्रिशियनला फोन केला.

अजून एक गोष्ट तुम्हाला तिथून दिसणं शक्य नाही. आपल्याकडे भिंत विटांची, वायर पाईपात, पाईप प्लास्टरमध्ये. शॉर्ट झालं तर बोर्ड जळतो, भिंत काळी होते. हे घर अख्खं लाकडाचं, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे भिंतीतली पोकळी तळघरापासून थेट ॲटिकपर्यंत सलग, मध्ये आडवं काहीच नाही, म्हणजे प्रत्येक भिंत ही एक चिमणी. आमचं अग्निशमन दल म्हणजे गावातलीच माणसं, सगळे स्वयंसेवक, फोन वाजला की गोठ्यातून नाहीतर जेवणावरून उठून निघतात, बर्फ असेल तर वीस मिनिटं सहज. (तीच पोकळी आम्हाला कामाला आली, ॲटिकमधून साखळी सोडली की थेट तळघरात, भिंती फारशा फोडाव्याच लागल्या नाहीत. पाडलेली भोकं मात्र परत नीट बुजवायची, तो आळस करायचा नाही.)

अर्थिंगच्या रॉडबद्दल. आठ फुटी दोन रॉड, मध्ये सहा फूट अंतर, एवढंच आहे, खरंय. पण इथे मेन पॅनलमध्येच (घराच्या मुख्य ब्रेकर बोर्डात) न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असतात, फक्त तिथेच, पुढे कुठेही नाही. फ्रिजच्या बॉडीला फेज लागला तर करंट अर्थच्या तारेने पॅनलपर्यंत आणि तिथून न्यूट्रलने ट्रान्सफॉर्मरला जातो, तांब्यातून, म्हणून भरपूर जातो आणि ब्रेकर लगेच पडतो. रॉडवर ते काम सोपवलेलंच नाही. समजा रॉडचा २५ ओहम आला, १२० भागिले २५, पाच अँपसुद्धा नाही, १५ चा ब्रेकर ढिम्म हलणार नाही. रॉड आहे तो विजा आणि लाईनवरच्या झटक्यांसाठी. तुमच्याकडे बहुतेक ठिकाणी घराचं अर्थिंग स्वतःचं, वेगळं, मातीतूनच परत जायचं, म्हणून खड्डा, कोळसा, मीठ आणि म्हणूनच आरसीसीबी हवीच. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे.

पैशांचं म्हणाल तर साडेअठरा हजार डॉलर गेले, २०० अँपच्या नव्या पॅनलसकट, आणि ते आमच्यासाठी खूप होते, त्या वर्षी भारतात आलो नाही. थोडं काम परमिट काढून मी आणि नवऱ्याने केलं, फक्त केबल ओढणं आणि बॉक्स बसवणं. पॅनल, मेन आणि जोडण्या इलेक्ट्रिशियनने. बाहेरचा इन्स्पेक्टर येऊन पास करून गेला तेव्हाच वीज कंपनीने लाईन परत जोडली. "घाबरवून धंदा करतात" असं तुम्ही लिहिलंत, तसे लोक इथेही आहेत, पण हा इलेक्ट्रिशियन ॲटिकमधून खाली आला तेव्हा आधी म्हणाला, आज रात्री मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा, आणि पैशांचं दुसऱ्या दिवशी बोलला.

गोठ्याची वायरिंग अजून बाकी आहे, मेमध्ये जमीन मोकळी झाली की.

आता तुम्हाला एक विचारायचंय, मनापासून. कराडला आईच्या घरी आरसीसीबी बसवून घ्यायचीय. तिथल्या वायरमनने एकदा लावली, मेन चालू केला की लगेच पडते, म्हणून काढून ठेवली आणि म्हणाला जुन्या घरात ही चालत नाही. मला वाटतंय कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधलेलं असणार. घर १९८० च्या आसपासचं, बारा-पंधरा पॉइंट, वायर पट्टीवरून गेलेली. अशा घरात तुम्ही तो जॉइंट कसा शोधता, एकेक सर्किटचा न्यूट्रल सोडवून बघता की मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावता? आई तिथे एकटी असते, तुम्ही सांगाल तसं त्याला सांगते.