जागा मागायची लाज

गेल्या वर्षी माझ्या मणक्याची चकती सरकली होती. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळायचं नाही. पट्टा कुर्त्याच्या आत, वय चाळिशीचं, चेहरा धडधाकट. अशा अवस्थेत एकदा पाऊण तास बसमध्ये दांडा धरून उभी होते. समोरच्या सीटवर विशीतला एक मुलगा. कानात इअरफोन, मान मोबाइलमध्ये. प्रत्येक ब्रेकला कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायची आणि मी त्याच्या टाळूकडे बघत मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. उतरताना जळजळीत कटाक्षसुद्धा टाकला. त्याला तो दिसलाच नाही, मान खालीच होती.

"मला जरा बसायला देतोस का?" हे पाच शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत.

पुढे अंथरुणावर पडल्या पडल्या स्टॅनली मिलग्रमबद्दल वाचलं आणि चोरी पकडली गेल्यासारखं झालं. विजेच्या झटक्यांच्या प्रयोगामुळे गाजलेले हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या सासूबाईंनी एकदा तक्रार केली, की पांढरे केस दिसत असूनही आजकालची मुलं सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, उठून जागा देत नाहीत. जावईबापूंनी विचारलं, तुम्ही मागितलीत का? सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

यातूनच १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सबवेत एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांनी डब्यात शिरायचं, अनोळखी माणसासमोर उभं राहायचं आणि काहीही कारण न सांगता त्याची सीट मागायची. धडधाकट तरुण पोरं, बरं का. तरी ६८ टक्के वेळा जागा मिळाली. बहुतेक जण उठले, काही जण सरकले. गंमत पुढे आहे. "उभं राहून पुस्तक वाचता येत नाही" असं कारण सांगितल्यावर हे प्रमाण ४२ टक्क्यांवर आलं. फुसकं कारण दिलं, की समोरच्याला नाही म्हणायला आधार मिळतो.

पण मला भावला तो मागणाऱ्यांचा हाल. आधी विद्यार्थी या कामाला तयारच होईनात. मग मिलग्रम स्वतः उतरले तर शब्द घशात अडकले. कसंबसं विचारलं, समोरचा माणूस उठलाही. आणि यांना आतून असं वाटायला लागलं, की आता आपल्याला खरंच काहीतरी झालंय असं दिसायला हवं! बसल्यावर मान खाली गेली, चेहरा पांढराफटक पडला. ते नाटक नव्हतं, असं ते स्वतःच सांगत.

थोडक्यात, देणारे होते. मागणं अवघड होतं. म्हणून "माणुसकी उरली नाही" हे वाक्य मी आता वापरत नाही. माझी तक्रार बसलेल्यांच्या नजरेबद्दल आहे. स्टॉप आला, दार उघडलं, की दोन सेकंद मान वर करून कोण चढलंय ते बघा. बस्स. मान वर केली तर निम्म्या वेळा पुढचं आपोआप होतं. आपल्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच आपण मान वर करत नाही. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही ही म्हण बसच्या खिडकीशेजारच्या सीटवरच जन्मली असावी, असा मला दाट संशय आहे.

राखीव सीटवर माझा पूर्वी राग होता. त्या असल्या की बाकीच्या सीटवरचे लोक सुटतात, "ज्येष्ठांची जागा तिकडे आहे" म्हणायला मोकळे. जपानमध्ये १५ सप्टेंबर १९७३ला, ज्येष्ठांच्या सन्मानदिनी, 'सिल्व्हर सीट' सुरू झाल्या. पुढे तिथल्याच हांक्यू या रेल्वे कंपनीने १९९९मध्ये माझ्या मनातलं करून दाखवलं: सगळ्याच सीट प्राधान्याच्या! २००७मध्ये त्यांना वेगळ्या राखीव सीट परत आणाव्या लागल्या. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, दुसरं काय. माझा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

लंडनची युक्ती मात्र पटते. तिथे २०१७पासून 'कृपया मला बसायला जागा द्या' अशा अर्थाचा निळा बिल्ला मिळतो. डॉक्टरांचा दाखला लागत नाही, आजार कोणता ते सांगावं लागत नाही. माझ्यासारख्या न दिसणाऱ्या दुखण्यांसाठी याहून चांगलं काय? तोंड न उघडता मागता येतं. आणि ज्या तरुणाला आपण "लाज नाही" म्हणून डोळ्यांनी भाजत असतो, त्याच्या कुर्त्याखालीही पट्टा असू शकतो, हेही लक्षात येतं.

देण्याचीही एक रीत असते. एका काकांना मी मोठ्याने "आजोबा, या, बसा" म्हणाले. त्यांनी असं काही बघितलं, की मीच ओशाळले. सगळा डबा आमच्याकडे बघत होता. तेव्हापासून मी काही बोलत नाही. उतरायचं असल्यासारखी उठते आणि दाराकडे सरकते. ज्याला बसायचं तो बसतो, आभार मानायची वेळच येत नाही. (यात कधीकधी भलताच धष्टपुष्ट माणूस झडप घालतो. त्यावर उपाय सापडलेला नाही.)

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा मागितलं. कारण न देता, मिलग्रमसाहेबांचं स्मरण करून. "बसू का मी इथे?" तो माणूस इतक्या घाईने उठला, की त्याचा मोबाइल खाली पडला. म्हणाला, "अहो ताई, आधी सांगायचं ना!"

पुढचे चार स्टॉप मी कंबर धरून, ओठ आवळून बसले होते. खरं तर त्या दिवशी कंबर अजिबात दुखत नव्हती.