चलान लावायचं तर वेळेत कळवा

मागच्या पावसाळ्यातल्या वेगाचं चलान मला आत्ता दिसतं, ही कसली पद्धत आहे? आणि दिसलं तेही कुणी कळवलं म्हणून नाही. गाडीच्या विम्याच्या कामासाठी नंबर टाकून पोर्टल उघडलं, तर तिथे थकीत दंड उभा. मोबाईलवर मेसेज आलेला नाही, घरी कागद आलेला नाही. गाडीच्या नोंदीत कुठला मोबाईल नंबर आहे तो लगेच तपासला, माझाच आहे, रोज वापरातला आहे. मग इतके महिने हे चलान कुठे पडून होतं?

त्यात तो फोटो. गाड्या मागून टिपलेल्या, पावसाळी उजेडात सगळं राखाडी. चौकटीत दोन गाड्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही शेजारशेजारच्या लेनमध्ये. नंबरप्लेट मोठी करून पाहिली तर शेवटचा आकडा 3 आहे की 8, ते माझ्या मुलालाही सांगता येईना, आणि त्याची नजर माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. ठिकाणाच्या रकान्यात नुसतं हायवेचं नाव. किलोमीटरचा दगड नाही, जवळचं गाव नाही, गाडी कुठल्या बाजूला चालली होती तेही नाही. वेगमर्यादा मात्र छापलीय. पण जागाच कळत नसेल तर तिथे तेवढीच मर्यादा होती का, तिची पाटी लावलेली होती का, हे मी कुठे जाऊन बघायचं?

तक्रार टाकली. कारण लिहिलं, फोटोवर गोल करून दोन्ही गाड्या दाखवल्या. उत्तर आलं एका ओळीचं: चलान योग्य आहे. कुणी तपासलं, फोटो उघडून पाहिला का, दोन गाड्यांतली वेगात कुठली होती हे कशावरून ठरवलं, त्यातलं एक अक्षर नाही. घरात म्हणतात, "अगं, भरून टाक आणि मोकळी हो. दोन हजारांसाठी कशाला डोकं लावतेस?" याच सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. दोन हजार म्हणजे काही कमी नाहीत, आणि सगळेच असे निमूट भरून मोकळे होत राहिले तर पलीकडच्या माणसाला फोटो उघडून बघायची गरजच उरत नाही.

मी कॅमेऱ्यांच्या विरोधात अजिबात नाही. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, आणि त्यातल्या 71 टक्क्यांहून जास्त मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली आहे. कॅमेरे लावाच, आणखी लावा. माझा मुद्दा एवढाच, की वेग कमी व्हावा म्हणून दंड असेल तर तो चालवणाऱ्याला तेव्हाच्या तेव्हा कळायला हवा. आज चुकलं आणि उद्या मेसेज आला तर परवा त्याच वळणावर पाय आपोआप ब्रेकवर जाईल. महिनोन् महिने काही बोलायचं नाही आणि मग एकदम आकडा पुढे करायचा, हे वर्षभर वही न तपासता मार्चमध्ये नापास करणाऱ्या मास्तरासारखं झालं. मधल्या काळात तो माणूस त्याच वेगाने त्याच रस्त्यावरून किती वेळा गेला असेल! आणि तो खरंच धोकादायक चालवणारा असेल तर?

बरं, हे नियमात नाही असंही नाही. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167अ हा नियम घातला गेला तो याचसाठी. उल्लंघन झाल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची. कॅमेऱ्याची नजर आहे हे सांगणारी पाटी आधी लावायची. उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायचं. चलानात उल्लंघन आणि नंबरप्लेट दाखवणारा फोटो हवा, उपकरणाने मोजलेला वेग हवा, तारीख, वेळ आणि जागा हवी. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना माझ्या चलानात नेमकी जागा नाही आणि फोटोत नंबर वाचता येत नाही. आमच्याकडून नियम पाळण्याची अपेक्षा आहे ना, मग पाठवणाऱ्यानेही पाळावेत.

मर्यादांचा घोळ तर विचारूच नका. 2018 च्या अधिसूचनेत कारसाठी एक्स्प्रेसवेवर 120, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100, शहरहद्दीत 70 असे कमाल आकडे ठरले. मोटरसायकलचे आकडे वेगळे, ट्रकचे वेगळे. त्याच्या आत राज्याने, स्थानिक यंत्रणेने मर्यादा आणखी खाली आणायची मुभा. समृद्धीवर सपाटीला कारला 120, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 100, आणि घाट लागला की आणखी कमी. कमी असायला माझी काहीच हरकत नाही, घाटात कमी हवीच. पण हे चालवणाऱ्याला कळायचा मार्ग एकच, रस्त्याकडेची ती लाल वर्तुळातली पाटी. आणि ती पाटी कुठे असते? बाभळीच्या फांदीमागे. नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या आड. काम चालू असताना लावलेली 40 ची पाटी काम संपून डांबर वाळलं तरी तशीच उभी, आणि त्यापुढे मर्यादा संपल्याची पाटीच नाही. मग 40 नेमकं कुठवर पाळायचं? मागून कंटेनर हॉर्न वाजवत अंगावर येत असताना?

आता दुसऱ्या बाजूला बोलते, कारण तिचाही तितकाच संताप येतो. चलान टाळायचं कसं हे विचारलं की आपल्याकडे शंभरातले नव्वद जण वेग सोडून बाकी सगळं सांगतात. आमचे भावजी म्हणतात, "वहिनी, मॅप लावून ठेवा, कॅमेरा आला की तो बोलतो." भावजींच्या शेजारच्या सीटवर बसून मी ते पाहिलंय. काटा 120 च्या पुढे, फोन बोलला की कचकन ब्रेक, कॅमेऱ्याची कमान मागे पडली की परत पाय खाली. मागच्या गाडीवाल्याला काय स्वप्न पडलंय तुम्ही मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारणार म्हणून? त्या ब्रेकने मागचा ट्रक आमच्या डिकीत शिरता शिरता राहिला. मागे लेकरं बसली होती! वर यांचं म्हणणं, दोन हजार वाचले.

शिवाय आता ही युक्ती चालतही नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सरासरी वेगही मोजला जातो. एका कमानीखालून गेलात, वेळ नोंदली. पुढच्या कमानीखालून गेलात, पुन्हा नोंदली. मधलं अंतर वीस किलोमीटर धरा, शंभरच्या मर्यादेने त्याला बारा मिनिटं लागतातच. दहा मिनिटांत पोचलात तर सरासरी 120 झाली, मग दोन्ही कमानींखाली कितीही शहाण्यासारखे गेलेले असा. आणि हे सगळं कशासाठी? शंभरने पन्नास किलोमीटरला तीस मिनिटं, एकशेवीसने पंचवीस. पाच मिनिटं! ती पाच मिनिटं पुढच्या टोलनाक्याच्या रांगेत जातात. पण एकशेवीसने आदळलेल्या गाडीत शंभरच्या तुलनेत जवळजवळ दीडपट ऊर्जा असते, ती मात्र कुठेही जात नाही, आतल्या माणसांच्या अंगावरच येते.

नंबरप्लेटला चिखल फासणारे, एखादा आकडा वाकवणारे, प्लेटवर काळी फिल्म लावणारे, यांच्याबद्दल बोलायलाच नको. कॅमेरा त्यांना वाचू शकत नाही, आणि तोच आकडा अर्धवट वाचून दुसऱ्याच कुणाच्या नावावर चलान जातं. बझरचंही तसंच. जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये ऐंशीला अधूनमधून आणि एकशेवीसला सलग वाजणारा बझर सक्तीचा झाला. गॅरेजमध्ये जाऊन तोच बंद करून आलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, वर अभिमानाने सांगतात. काय मिळवलं त्यातून?

ज्यांच्यावर माझ्यासारखी वेळ आलीय त्यांच्यासाठी जे समजलं ते लिहिते. महिन्यातून एकदा सरकारी ई-चलान पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा, मेसेजच्या भरवशावर राहू नका. व्हॉट्सॅपवर चलान म्हणून एखादी फाइल इन्स्टॉल करायला सांगितली तर हातही लावू नका, बँक खाती रिकामी करणारी टोळकी याच नावाने फिरतायत. चलान दिसलं की आधी फोटो उतरवून ठेवा, मग तक्रार टाका, आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. सरासरी वेगाचं असेल तर दोन टोलनाक्यांवरचे फास्टॅगचे मेसेज काढा, त्यात वेळ असते. गाडीत काचेजवळ लावलेल्या कॅमेऱ्यात, म्हणजे डॅशकॅममध्ये, जीपीएस असेल तर ती चित्रफीत पुसली जायच्या आत बाजूला काढा. माझ्यापर्यंत चलान पोचलं तेव्हा माझी कधीच पुसली गेली होती, आणि उशिरा कळवण्याचा खरा तोटा हाच आहे. स्वतःचा बचाव करायला हाताशी काहीच उरत नाही. लोक अदालतीत दंड कमी होतो म्हणून मुद्दाम थकवून ठेवू नका. गाडी विकायला काढली की तेच थकीत चलान आडवं येतं.

गाडीचा मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, त्याची रचनाच तशी असते. म्हणून काटा मर्यादेवर ठेवला तर आपण मर्यादेच्या आतच असतो. पण हौसेने मोठे टायर टाकले असतील तर हे गणित उलटतं, हे टायरवाला सांगणार नाही.

मी पुन्हा तक्रार टाकली आहे. या वेळी नियमाचा क्रमांक लिहून तीन गोष्टी मागितल्यात: मूळ आकाराचा फोटो, किलोमीटरसह जागा आणि त्या दिवशी लागू असलेलं उपकरणाचं प्रमाणपत्र. परत तीच एक ओळ आली तर कोर्टात जाईन. त्या मूळ फोटोत माझ्या गाडीचा नंबर स्वच्छ वाचता आला तर त्याच दिवशी दंड भरीन, एक रुपया कमी करून मागणार नाही.