भांडण आधी, जेसीबी नंतर

गणपती जवळ आले की आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणगावच्या कोंडीचे फोटो पडायला लागतात. मग कोणीतरी मला डिवचतंच, "तुमच्याकडे असता तर वर्षात झाला असता हा रस्ता."

मी अमेरिकेत मिलवॉकीत राहते. शहरातून जाणाऱ्या आय-९४ महामार्गाचा साडेपाच किलोमीटरचा तुकडा १९६०च्या दशकात बांधलेला, आता जुना झालेला. तो नव्याने बांधायचा आणि सहाच्या आठ लेन करायच्या, या आराखड्याला २०१६ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षी राज्याने पैसे नाहीत म्हणून तो गुंडाळला. २०२० मध्ये नव्या गव्हर्नरने पुन्हा बाहेर काढला आणि २०२४ मध्ये परत मंजुरी आली. खर्च सुमारे पावणेदोन अब्ज डॉलर. साडेपाच किलोमीटरला! तेव्हा वेगाच्या गप्पा आम्ही इथल्यांनी न मारलेल्या बऱ्या.

फरक आहे तो वेगळा. इथली ती सगळी वर्षं कागदावर गेली आणि तोवर जुन्या रस्त्यावरून गाड्या धावत होत्या. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात घातला, तेव्हा सगळी जमीन ताब्यात नव्हती आणि कर्नाळा अभयारण्याचा प्रश्नही तसाच होता. पुढे ठेकेदाराचे पैसे संपले. म्हणजे जी भांडणं नकाशावर व्हायची, ती खणलेल्या रस्त्यावर झाली आणि त्यांचा भुर्दंड एसटीतल्या माणसाने भरला.

इथल्या जनसुनावणीला मी गेले होते. सभागृहात लांबच लांब टेबलं, त्यांवर हवाई छायाचित्रांचे ताव अंथरलेले, त्यावर नवी हद्द रंगीत रेघेने काढलेली. लोक वाकून आपापलं घर शोधतात आणि शेजारी उभ्या असलेल्या इंजिनिअरला विचारतात, ही रेघ माझ्या अंगणातून जाते की बाहेरून? कोपऱ्यात एक लघुलेखिका बसलेली. माइकवर बोलायची भीती वाटते त्याने तिला सांगायचं, ती टिपून घेते. पुढे अहवालात त्या म्हणण्याला लेखी उत्तर द्यावं लागतं.

याचा अर्थ इथे लोकांचंच चालतं असा नाही. 'फिक्स ॲट सिक्स', म्हणजे दुरुस्ती करा पण सहाच लेन ठेवा, असं म्हणणाऱ्यांत मीही होते. लेन वाढवल्या की काही वर्षांत तेवढ्याच गाड्या वाढतात, आणि हमरस्त्याच्या कडेला राहणाऱ्या ज्या घरांत गाडीच नाही त्यांना फक्त धूर मिळतो, हा आमचा मुद्दा. आठच ठरल्या. मात्र एका जागी महामार्ग दफनभूमींच्या मधून जातो, त्यातली एक सैनिकांची. तिथे रस्ता दुमजली करायचाही पर्याय होता, तो बाद झाला आणि लेन व कडेची पट्टी अरुंद ठेवून भागवलं. एकाही थडग्याला धक्का लागणार नाही. एवढं तरी पदरात पडलं.

कोकणाशी याची सरळ तुलना होत नाही, हे मलाही कळतं. परशुराम घाटात पावसाळ्यात दरड कोसळते, ती आराखडा बघून कोसळत नाही. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मे मुंबईला, दोघे वारलेले, कुळाचा दावा वेगळाच. मोबदला कोणाच्या खात्यात टाकायचा, यावरच प्रांताचं ऑफिस घायकुतीला येतं. पण गुंता एवढा आहे हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं ना? मग तो सुटायच्या आत कार्यादेश देऊन नारळ फोडायची घाई कशाला?

बांधता येत नाही, हे तर मला अजिबात पटत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटीसकट वाहून गेला, आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. माणसं आपलीच, यंत्रंही आपलीच.

आता ग्रुपवर नवा विषय आहे शक्तिपीठ महामार्गाचा. नागपूर ते गोवा, सुमारे ८०० किलोमीटर. कोल्हापूर-सांगलीकडचे शेतकरी मोजणीलाच आडवे आले, तर आमचा पुण्याचा दादा त्यांना विकासविरोधी म्हणून मोकळा झाला. अरे दादा, पिकाऊ जमीन किती जाणार, रत्नागिरी-नागपूर महामार्ग असताना त्याच दिशेने हा दुसरा कशाला, पुराच्या पाण्याला त्याचा भराव आडवा येईल का, हे त्यांनी मोजणीच्या वेळी विचारायचं नाही, तर काय टोलनाका उभा राहिल्यावर विचारायचं?