गोल चेहरा, हनुवटीपर्यंतचा बॉब आणि भरगच्च फ्रिंज: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या पार्लरला दिलेला तुमचा दोन स्टारचा अभिप्राय आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाइलवरचा फोटो दाखवून तुम्ही हनुवटीपर्यंतचा बॉब, म्हणजे एका रेषेतला आखूड कट, आणि भुवयांपर्यंतची भरगच्च फ्रिंज, म्हणजे कपाळावर उतरणारे आखूड केस, करून घेतलीत. ब्लो-ड्राय करून निघालात तेव्हा छान दिसलं. दोन दिवसांनी घरी केस धुतले, तर ते गालांवर फुगले, फ्रिंज वर चढली आणि चेहरा 'भाकरीसारखा गोल' दिसायला लागला. फोन केलात, तर आमच्याकडून स्मूदनिंग, म्हणजे रसायन लावून केस सरळ करणं, सुचवण्यात आलं. बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आहे. आणि शेवटी तुमचा प्रश्न: पाटीवर 'चेहऱ्याला शोभेल असा कट' असं लिहिता, मग चेहरा बघितला का नाही?

बघायला हवा तसा बघितला नाही. चूक आमची आहे. कटचे सगळे पैसे परत मिळतील आणि दुरुस्ती मोफत होईल. स्मूदनिंग अजिबात करू नका. ते सुचवणं ही आमची दुसरी चूक. आधीच आखूड असलेले केस स्मूदनिंगने गालांना चिकटून बसतात, माथ्यावरची उंची जाते आणि दोन-तीन महिन्यांत मुळाशी लाटदार, खाली सरळ अशी दोन तऱ्हांची वाढ दिसू लागते. तुमच्या केसांच्या लाटेत काही खोट नाही. आम्ही ती हिशोबात धरली नाही.

नेमकं काय बिघडलं ते सांगतो, कारण दुरुस्ती त्यावरच ठरणार आहे.

केस ओले असताना ताणले जातात. लाटदार केस ओल्यात कंगव्याने खाली ओढून हनुवटीच्या रेषेत कापले, की वाळल्यावर ते एक ते सव्वा इंच वर चढतात. म्हणजे हनुवटीशी संपायला हवी ती कड ओठांच्या रेषेत येते, गाल जिथे सर्वांत भरलेले असतात तिथेच. फ्रिंजचंही तेच: ओल्यात भुवईवर कापलेली फ्रिंज वाळल्यावर अर्धा इंच वर जाते. पार्लरमध्ये हे दिसलं नाही, कारण गोल ब्रशने ओढून ड्रायर फिरवला की केस सरळ राहतात. ते सरळपण पाण्याच्या पहिल्या थेंबापर्यंतचं असतं. पावसाळ्यातल्या आपल्याकडच्या दमट हवेत तर न धुताही ते संध्याकाळपर्यंत उतरतं. म्हणून लाटदार केसांची लांबी कोरड्या केसांवर, ते जसे पडतात तसे पडू देऊनच ठरवायला हवी होती.

दुसरी गोष्ट रेषेची. केसांची कड जिथे संपते तिथे बघणाऱ्याची नजर थांबते, आणि ज्या उंचीवर केस सर्वांत जास्त फुगलेले असतात तिथे चेहरा रुंद दिसतो. सरळ, एकाच रेषेत कापलेल्या बॉबचं सगळं वजन खालच्या कडेला साचतं. कड ओठांपाशी, वजन गालांपाशी, त्यावर मधला भांग: तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढत होत्या.

तिसरी फ्रिंज, आणि माझ्या मते जास्त नुकसान हिनेच केलं. समजा, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत चेहरा पावणेसात इंच लांब आहे आणि गालांच्या हाडांपाशी साडेपाच इंच रुंद. अशा चेहऱ्यावर दोन इंचांची भरगच्च फ्रिंज पाडली की दिसणारा चेहरा उरतो पावणेपाच इंच लांब. रुंदी तेवढीच. म्हणजे लांबीपेक्षा रुंदी जास्त झाली. त्यात ही फ्रिंज कानशिलांपर्यंत रुंद घेतली गेली. फ्रिंजसाठी पुढचे केस त्रिकोणात वेगळे काढतात. तो त्रिकोण भुवयांच्या बाहेरच्या टोकांच्या आतच थांबायला हवा, आणि त्याचं मागचं टोक केसांच्या रेषेपासून दोन ते अडीच इंचांवर. कानशिलांवरचे केस एकदा फ्रिंजमध्ये गेले की चेहऱ्याच्या कडा उघड्या पडतात. खाली चष्म्याची जाड फ्रेम असेल तर कपाळ, भुवया, डोळे सगळं एका पट्टीत कोंबल्यासारखं होतं. तुम्ही चष्मा काढून बसला होतात, आणि तो एकदा घालून दाखवा म्हणण्याचं आमच्या लक्षात आलं नाही.

तुमच्या अभिप्रायातल्या एका वाक्याशी मात्र आम्ही सहमत नाही: 'गोल चेहऱ्याला बॉब शोभतच नाही, तुम्ही नकार द्यायला हवा होता.' शोभतो. अटी आहेत. वाळल्यावर समोरची टोकं हनुवटीच्या खाली दीड-दोन इंच यायला हवीत, मागची कड त्याहून आखूड हवी, म्हणजे बाजूने बघताना रेषा पुढे उतरती दिसेल. भांग बाजूला, साधारण भुवईच्या कमानीच्या वर. फ्रिंज हवीच असेल तर तिरकी किंवा मधून उघडणारी, जिची बाहेरची टोकं गालांच्या हाडाखाली उतरतात. एवढं सांभाळलं तर गोल चेहऱ्यावर बॉब फार सुंदर दिसतो. तसंच नुसते लांब केस ठेवले म्हणजे चेहरा बारीक दिसतो, असंही नाही. माथ्यावर चपटे आणि कानांपाशी फुगलेले लांब केस तोच गोलवा दाखवतात.

फोटोबद्दलही बोलायला हवं, कारण निम्म्या जणी फोटो घेऊन येतात आणि त्यात काही गैर नाही. १९६० साली 'लव्ह इन सिमला' या हिंदी चित्रपटात अभिनेत्री साधना दिसल्या आणि कपाळावरच्या त्या फ्रिंजला घरोघरी 'साधना कट' हे नाव पडलं. ती फ्रिंज त्यांचं रुंद कपाळ झाकण्यासाठी योजलेली होती. एका विशिष्ट कपाळावरचा तो उपाय होता, आणि पुढे ज्यांचं कपाळ जेमतेम दोन बोटं होतं त्यांनीही तोच कट मागितला. आजचा फोटोही असाच कुणा एकीच्या कपाळाचा, जबड्याचा, केसांच्या पोताचा असतो. फोटो बघितल्यावर आम्ही विचारायला हवं होतं की यातलं तुम्हाला नेमकं काय आवडलं: लांबी, फ्रिंज की मान मोकळी दिसणं? पुष्कळदा उत्तर 'मान मोकळी' असं येतं, आणि ती फ्रिंज न घेताही मिळते.

चेहऱ्याचा आकार घरी बघायचा असेल तर केस बँडने पूर्ण मागे घ्या. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरून कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून फोटो काढायला सांगा. हाताच्या अंतरावरच्या सेल्फीत नाक आणि चेहऱ्याचा मधला भाग मोठा येतो आणि कडा मागे सरतात, म्हणून सेल्फीवरून आकार ठरवू नका. मग फोटोवर पट्टी ठेवून चार मापं घ्या: केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी, कपाळाची रुंदी, गालांच्या हाडांपाशी रुंदी आणि जबड्याच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर. लांबी गालांच्या रुंदीच्या जवळपास दीडपट असेल तर चेहरा लंबगोल. दोन्ही मापं जवळजवळ येत असतील आणि जबड्याला कोपरा नसेल तर गोल. कपाळ, गाल, जबडा तिन्ही सारख्याच रुंदीचे आणि कानाखाली बोट लावल्यावर हाडाचा कोन स्पष्ट हाताला लागत असेल तर चौकोनी. गोल आणि चौकोनी यांत सर्वांत जास्त गफलत होते. गालांवर मांस असलं की डोळ्याला चौकोन गोल वाटतो, पण बोट फसत नाही. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल त्यांनी उलट हनुवटीपाशी केस भरलेले ठेवावेत. तुम्हाला नडलेला बॉब त्यांना अगदी चपखल बसतो. लांबट चेहऱ्यालाही भरगच्च फ्रिंज छान दिसते, कारण तिथे लांबी खाल्ली गेलेलीच हवी असते.

आखूड केस ठेवावेत की नाही यासाठी आणखी एक माप आहे, जॉन फ्रीडा या हेअरड्रेसरच्या नावाने ओळखलं जाणारं. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरा, कानाच्या पाळीखाली पट्टी उभी लावा. पाळीपासून पेन्सिलीपर्यंतचं अंतर सव्वादोन इंचांपेक्षा कमी असेल तर आखूड केस खुलतात, जास्त असेल तर लांब. ठोकताळा म्हणून चांगलं आहे, पण त्यात केसांची लाट, मानेची उंची आणि कपाळावरचा भोवरा धरलेला नाही. नुसत्या त्या मापावर कात्री चालवू नये.

आता तुमच्या केसांचं.

लांबी कमी करायची नाही, समोरून तर अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही. मानेवरची कड अर्धा ते पाऊण इंच वर घेऊ, म्हणजे समोरची टोकं आपोआप लांब भासतील. गालांपाशी साचलेलं वजन वरचा थर उचलून आतल्या आत कमी करू, कात्रीचं टोक उभं धरून, फक्त शेवटच्या इंचभरात. थिनिंग कात्री, म्हणजे केस विरळ करणारी दातेरी कात्री, मुळांजवळ लागता कामा नये. लाटदार केसांत मुळाशी तुटलेले बारीक केस उभे राहतात आणि वरच्या थराला ढकलतात, आणखी फुगा येतो. इतर कुठे गेलात तरी हे आधी सांगून ठेवा.

फ्रिंज पुन्हा लांब करणं कुणाच्या हातात नाही. पण तिची जाडी कमी करून मधून कपाळ दिसेल अशी करता येते, आणि कानशिलांपाशी वळलेले कोपरे बाजूच्या केसांत मिसळून टाकता येतात. भांग मधून दोन इंच बाजूला नेऊ. रोज सकाळी फक्त फ्रिंज बेसिनवर ओली करा आणि ड्रायर वरून खाली धरून ती आधी डावीकडे, मग उजवीकडे विंचरत वाळवा, म्हणजे भोवऱ्यापाशी फाटणार नाही. फ्रिंजला खोबरेल नको, ती कपाळाला चिकटते. माथ्यावरचे केस मुळाशी उलट्या दिशेने वाळवले की इंचभर उंची मिळते आणि चेहऱ्याला हवी असलेली लांबी तिथून येते. एका बाजूचे केस कानामागे घ्या. गोलाकार तिथे तुटतो आणि जबड्याची रेषा दिसते. स्कूटरवर जाताना हेल्मेटआधी कापडी पट्टीने फ्रिंज मागे घ्या, उतरल्यावर सोडा.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. ओठांच्या रेषेपासून हनुवटीखाली दोन इंच यायला साधारण सव्वातीन इंच लागतील, म्हणजे साडेसहा-सात महिने. तोवर दर आठ आठवड्यांनी फक्त मानेवरची कड नीट करून घ्या, समोरचे केस वाढू द्या. ही कड आम्ही सातही महिने विनामूल्य करून देऊ.

लग्नाचं टेन्शन घेऊ नका. नऊवारीवर खोपा घालण्याएवढे केस नसले तरी तयार अंबाडा लावता येतो. माथ्यावर थोडं बॅककोम्बिंग (केस मुळाकडे उलटे विंचरून फुगवणं), बाजूचे केस मागे नेऊन मानेपाशी घट्ट पिना, त्यावर अंबाडा. फ्रिंजचा दोन पेडी पीळ घालून कानामागे पिन केली की ती दिसतही नाही. गजरा अंबाड्याभोवती मागच्या मागेच गुंडाळा. कानांच्या बाहेर डोकावणारे गजऱ्याचे पदर गालांपाशी पुन्हा रुंदी आणतात. त्या दिवशीची केशरचना आमच्याकडून, घरी येऊन.

आमच्याकडे यापुढे केप बांधण्याआधीच, म्हणजे मान आणि खांदे दिसत असतानाच, कोरड्या केसांवर लांबी ठरेल. चष्मा असेल तर तो घालून. लाटदार आणि कुरळ्या केसांची फ्रिंज कोरडीच कापली जाईल.

दुरुस्तीला या आठवड्यात कधीही सकाळी अकराच्या आत या, तेव्हा गर्दी नसते आणि हातात पूर्ण तास असतो. आदल्या दिवशी केस धुवा, ड्रायर न लावता स्वतःहून वाळू द्या, तेल-सिरम काही लावू नका. चष्मा आणि लग्नात घालायच्या ब्लाउजचा फोटो सोबत आणा, मागचा गळा केवढा आहे ते बघून मानेवरची कड ठरवू.